शिरांतील दारे आणि जिभेखालचा लगाम : हिरोनिमस फॅब्रिशियस

जीभ टाळूला लावून आरशात पाहिले, तर तिच्या खालून जबड्याच्या तळाशी गेलेली एक पातळ, ओलसर घडी मधोमध ताणलेली दिसते. वरचा ओठ उचलला तर तशीच एक लहान घडी ओठ आणि हिरडी यांना जोडताना आढळते. शरीररचनाशास्त्राच्या लॅटिन परिभाषेत अशा घडीला फ्रेन्युलम म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ इवला लगाम. अवयवाला हालचालीची मोकळीक असावी, पण ती मर्यादेबाहेर जाऊ नये, अशी ही निसर्गाची व्यवस्था आहे. हातापायांच्या शिरांतही रक्ताच्या वाटेवर पातळ पडद्यांच्या घड्या असतात. त्यांना आपण झडपा म्हणतो. या दोन्ही प्रकारच्या घड्यांचा बारकाईने अभ्यास करणारे सोळाव्या शतकातील विद्वान म्हणजे पादुआ विद्यापीठाचे अध्यापक जिरोलामो फाब्रिझी. वैद्यकाच्या इतिहासात ते हिरोनिमस फॅब्रिशियस या लॅटिन नावाने ओळखले जातात. शिरांतील झडपांचे पहिले सविस्तर आणि सचित्र वर्णन त्यांच्या नावावर आहे. त्या झडपा कशासाठी आहेत हे मात्र त्यांना अखेरपर्यंत उमगले नाही. त्यांच्या आयुष्याची थोरवी आणि उणीव एकाच घडीत दडलेली आहे.

फॅब्रिशियस यांचा जन्म सुमारे १५३३ साली रोमच्या उत्तरेस, व्हितेर्बो शहरापासून फार दूर नसलेल्या अक्वापेंदेन्ते या गावी झाला. गाव पोपच्या अमलाखालचे. घराण्याला एके काळी प्रतिष्ठा होती, पण त्यांच्या बालपणापर्यंत परिस्थिती साधारण झालेली होती. विशीच्या आतच ते पादुआस आले. व्हेनिसमधील लिप्पोमानो या उमराव कुटुंबाने त्यांना आधार दिला. आधी ग्रीक, लॅटिन आणि तर्कशास्त्र, मग वैद्यक, असा त्यांच्या शिक्षणाचा क्रम होता.

पादुआ त्या वेळी व्हेनिसच्या प्रजासत्ताकाखाली होते आणि तेथील विद्यापीठ युरोपातील वैद्यकाचे माहेरघर बनले होते. मानवी शरीररचनेवरचा युगप्रवर्तक ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध करणारे आंद्रेयास वेसालियस याच विद्यापीठात शिकवीत असत. त्यांच्यानंतर काही वर्षांनी हे अध्यापन गॅब्रिएले फालोप्पिओ यांच्याकडे आले. स्त्रीच्या गर्भाशयाला जोडलेल्या ज्या नलिकांना आज डॉक्टर फॅलोपियन म्हणतात, त्या याच फालोप्पिओ यांच्या नावाने ओळखल्या जातात. फॅब्रिशियस त्यांचे शिष्य. १५६२ साली फालोप्पिओ वारले, तेव्हा शिष्याने खासगीरीत्या शरीररचना शिकवण्यास आरंभ केला आणि १५६५ साली विद्यापीठाने शल्यक्रिया व शरीररचना या दोन्ही विषयांचे अध्यापन त्यांच्यावर सोपवले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे ते या कामात राहिले.

याच सुमारास, १५६३ साली, गोव्यात गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ छापून निघाला. ओर्ता ज्यू वंशातील ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले पोर्तुगीज वैद्य. सालामांकाच्या विद्यापीठात शिकून ते पूर्वेकडे आले. त्याच विद्यापीठात शिकलेले, त्याच समाजातून आलेले दुसरे पोर्तुगीज वैद्य अमातो लुसितानो मात्र इटलीकडे वळले. १५४७ साली फेरारा येथे शवविच्छेदन करताना शिरेच्या आत झडपेसारखे काही आढळल्याचे लुसितानो यांनी लिहून ठेवले. झडपेच्या दिशेविषयी त्यांचा घोटाळा झाला होता, पण शिरेत काहीतरी अडवणारे आहे एवढे त्यांनी पाहिले होते. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. झडप वगैरे काही नाही, असे सांगणाऱ्या नामवंतांत फॅब्रिशियस यांचे गुरू फालोप्पिओ हेही होते. ओर्ता आणि लुसितानो हे दोघेही १५६८ साली मरण पावले, एक गोव्यात आणि दुसरे सालोनिका येथे. शिरांतील झडपांचा प्रश्न त्यानंतर काही काळ तसाच पडून राहिला.

गुरूने जे नाकारले तेच शिष्याच्या हाती लागले. १५७४ साली शवविच्छेदन करताना आपण प्रथम या झडपा पाहिल्या, असे फॅब्रिशियस सांगतात. काही वर्षांतच त्यांनी त्या विद्यार्थ्यांसमोर उघड करून दाखवल्या. शिर उभी चिरून पसरली की तिच्या आतल्या भिंतीवर अत्यंत पातळ पापुद्र्याच्या घड्या दिसतात, बहुधा दोन दोन समोरासमोर, आणि त्यांची खोलगट तोंडे हृदयाच्या बाजूला वळलेली. फॅब्रिशियस यांनी त्यांना लॅटिनमध्ये ओस्तिओला, म्हणजे लहान दारे, असे नाव दिले. शव नसले तरी त्या ओळखण्याची युक्तीही त्यांनी सांगितली. रक्त काढण्यासाठी दंडाला पट्टी बांधली की हाताच्या शिरा फुगतात आणि त्यांवर जागोजागी गाठी उठून दिसतात. त्या गाठी म्हणजेच झडपांची ठिकाणे. शिर बोटाने दाबत रक्त खाली पंजाकडे रेटू पाहिले, तर ते गाठीपाशी अडते.

हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, बोटांनी अनुभवले, तरी त्यावरचा ग्रंथ काढायला त्यांनी जवळजवळ तीस वर्षे घेतली. घाई हा त्यांचा स्वभाव नव्हता. श्वास कोंडलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेस छेद देऊन त्याला वाचवावे, छेद उभा घ्यावा, आत बसवायची नळी आत घसरून जाऊ नये म्हणून तिला दोन पंख असावेत, इतक्या बारकाईने त्यांनी त्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले. स्वतः मात्र ती केली नाही. मनुष्य, कुत्रा, घोडा, मेंढी, पक्षी, मासे अशा अनेक प्राण्यांतील एकच अवयव शेजारी शेजारी ठेवून पाहावा आणि मगच बोलावे, ही त्यांची पद्धत होती. चित्रकारांकडून त्यांनी शरीररचनेची तीनशेहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली व ती पुढे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाला दिली. ज्या काळात शरीरावरचे ग्रंथ काळ्या शाईच्या कोरीव चित्रांवर भागत होते, त्या काळात स्नायूचा लाल आणि शिरेचा निळसर रंग विद्यार्थ्याला दाखवण्याचा हा आग्रह विलक्षण म्हटला पाहिजे.

अध्यापक म्हणून त्यांची कीर्ती मोठी होती, तसेच त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीही मोठ्या होत्या. शवविच्छेदन थंडीच्या दिवसांतच शक्य असे, शवे थोडी मिळत, आणि ती वर्षातून एकदा होणारी व्याख्यानमाला फॅब्रिशियस पुढे ढकलत किंवा मध्येच आवरती घेत, अशी विद्यार्थ्यांची नाराजी होती. पादुआतील विद्यार्थी आपापल्या देशानुसार संघटित असत. त्यांतील जर्मन विद्यार्थ्यांच्या दप्तरात या तक्रारी नोंदलेल्या आहेत. १५८९ च्या सुमारास तर एक वेगळाच प्रसंग ओढवला. जिभेच्या स्नायूंवर बोलताना फॅब्रिशियस यांनी जर्मनांच्या उच्चारांची थट्टा केली आणि ते विद्यार्थी चांगलेच दुखावले. शरीर सर्वांचे सारखेच, जीभही सारखीच, तरी तिला लागलेले वळण प्रत्येक मुलखाचे वेगळे. हा विषय त्यांच्या मनात खोल रुजलेला होता. पुढे त्यांनी आवाज, वाणी आणि पशूंची भाषा यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले.

जिभेखालच्या घडीविषयी त्यांनी जे लिहिले, त्याला तेव्हाच्या लोकव्यवहाराची पार्श्वभूमी होती. काही बालकांत ही घडी जन्मतः आखूड, जाड किंवा जिभेच्या टोकापर्यंत आलेली असते. जीभ बाहेर येत नाही, वर उचलत नाही, आणि मूल अंगावर नीट पिऊ शकत नाही. रोमन लेखक सेल्सस यांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकातच ही घडी छेदण्याची रीत सांगितली होती आणि छेद यशस्वी होऊनही वाणी न सुधारलेल्या रुग्णाचा उल्लेखही प्रामाणिकपणे केला होता. फॅब्रिशियस यांच्या काळापर्यंत ही शस्त्रक्रिया वैद्यांच्या हातून निसटून सुइणींच्या नखात आली होती. गोव्यात जिला वैजीण म्हणत, तिच्यासारखीच युरोपातील सुईण बाळाच्या जन्माबरोबर घरात येई. तिच्या एका बोटाचे नख मुद्दाम वाढवून टोकदार ठेवलेले असे. बाळाची जीभ अडली आहे की नाही हे पाहण्यापूर्वीच ती त्या नखाने घडी फाडून टाकी.

फॅब्रिशियस यांनी या प्रथेला विरोध केला. त्यांचे म्हणणे विद्वत्तेच्या तोऱ्यातून आलेले नव्हते. जागा धोक्याची आहे हे त्यांना विच्छेदनातून ठाऊक होते. घडीच्या दोन्ही अंगांना रक्तवाहिन्या असतात आणि लाळ वाहून आणणाऱ्या नलिकांची तोंडेही तेथेच उघडतात. नखाने फाडलेली जखम सुजते, आणि सुजलेली जीभ घडीहून अधिक घातक ठरते. खरोखर छेद द्यावा लागेल अशी मुले थोडीच असतात, बहुतेकांची घडी त्यांच्या वाढीबरोबर आपोआप सैल होते, हा त्यांच्या सांगण्याचा गाभा होता. लगाम दिसला म्हणून तो तोडायचा नसतो. आधी तो काय सांभाळतो आहे ते पाहायचे असते.

लगामाची ही प्रतिमा शरीरशास्त्रात इतकी रूढ झाली की पुढे ती कीटकशास्त्रानेही उचलली. पतंगाच्या मागच्या पंखाच्या मुळाशी, पुढच्या कडेला, एक ताठ केस असतो. नरात तो एकच आणि जाड, मादीत बहुधा दोन किंवा अधिक बारीक. हा केस पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूस असलेल्या आकड्यात अडकतो. या केसालाही फ्रेन्युलम असेच नाव आहे. माणसात ती मऊ घडी, पतंगात तो ताठ केस. घडण वेगळी, पण नाव एकच, कारण दोन्ही ठिकाणी काम आवर घालण्याचे.

मराठी मुलखात हा लगाम पाहायचा, तर संत्र्याच्या बागांकडे जावे. नागपूरपासून उत्तरेकडे छिंदवाड्याच्या वाटेवर मध्य प्रदेशात शिरले, की सौंसर आणि पांढुर्णा हा मराठी बोलणारा संत्रापट्टा लागतो. रामाकोना हे त्याच पट्ट्यातील गाव. संत्री पिकू लागली की या प्रदेशात सूर्यास्तानंतर रस शोषणारे पतंग बागेत उतरतात. त्यांची सोंड फळाची साल भेदण्याइतकी टणक असते. रात्री पडलेल्या भोकातून फळ सडते आणि काही दिवसांत गळून पडते. यांच्या अळ्या संत्र्यावर वाढत नाहीत, त्या बांधावरच्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. म्हणून त्या वेली काढणे, गळलेली फळे गोळा करून नष्ट करणे, संध्याकाळी बागेत धूर करणे असे उपाय शेतकऱ्याला सांगितले जातात. हा पतंग हाती धरून त्याचे पंख हळूच पसरले, तर भिंगाखाली तो केस आणि तो आकडा दिसतो. मागचा पंख पुढच्यापासून सुटा राहिला असता, तर दोघांची फडफड एकमेकांच्या आड आली असती. लगामाने बांधल्यामुळे दोन पंखांचा एक पंख होतो आणि पतंग अंधारातही नेमका फळावर उतरतो. येथे बंधनाने उड्डाण थांबलेले नाही, त्याला एकसंधपणा आला आहे.

बंधन गती नुसती कमी करत नाही, ते गतीला दिशाही देते. फॅब्रिशियस यांच्या हातून निसटले ते नेमके हेच.

१५९४ साली पादुआच्या विद्यापीठात त्यांच्या प्रयत्नाने शवविच्छेदनाचे कायमस्वरूपी प्रेक्षागृह उभे राहिले. तोवर ही प्रेक्षागृहे थंडीपुरती लाकडी फळ्यांनी उभारत आणि मग मोडून टाकत. नवे प्रेक्षागृह लंबवर्तुळाकार, नरसाळ्यासारखे खाली निमुळते होत जाणारे, एकावर एक सहा कठड्यांचे होते. विद्यार्थी कठड्याला रेलून उभे राहत, आणि तळाशी मेणबत्त्यांच्या उजेडात मेज ठेवलेले असे. १६०० च्या सुमारास त्या कठड्यांवर विल्यम हार्वे नावाचा एक तरुण इंग्रज विद्यार्थी येऊन उभा राहू लागला. एप्रिल १६०२ मध्ये पदवी घेऊन तो मायदेशी परतला. पुढल्याच वर्षी, १६०३ साली, फॅब्रिशियस यांचा शिरांतील झडपांवरचा छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथातील चित्रे आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. पट्टी बांधलेला हात, त्यावर फुगलेल्या शिरा, आणि चिरून उलगडलेल्या शिरेतील झडपांच्या रांगा. मात्र चित्रांना जोडलेला अर्थ जुनाच होता. गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या काळापासून असे मानले जाई, की रक्त यकृतात तयार होते, शिरांतून बाहेर अवयवांकडे वाहते आणि तेथेच खर्ची पडते. या समजुतीत झडपेला एकच काम उरते, ते म्हणजे गती आवरण्याचे. झडपा नसत्या तर सारे रक्त हातापायांत उतरून साचले असते, अवयव सुजले असते, वरच्या भागांना पोषण मिळाले नसते, असे फॅब्रिशियस यांनी मांडले. पाणचक्कीकडे नेलेल्या पाटावर पाणी तुंबवून धरणाऱ्या बांधाशी त्यांनी या झडपांची तुलना केली.

गोव्याच्या वाचकाला या तुलनेतील चूक खाजनाच्या बांधावर उभे राहून चटकन समजेल. खाजनाच्या मानशीचे लाकडी दार कोणी हाताने उघडत वा मिटत नाही. ओहोटीला आतले पाणी दार ढकलून नदीत जाते, भरतीला नदीचेच पाणी दार दाबून बंद करते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. बांध पाणी थोपवतो. मानस पाण्याला एकाच वाटेने जाऊ देते. शिरांतील झडपा मानशीच्या जातीच्या आहेत. फॅब्रिशियस यांनी त्यांना दार म्हटले, त्यांची तोंडे हृदयाकडे आहेत हे लिहिले, उलट दिशेने रक्त अडते हे दाखवले, आणि तरी अर्थ लावताना ते बांधाकडेच वळले. पंधराशे वर्षांच्या शिकवणुकीने रक्ताची दिशा आधीच ठरवून टाकली होती. डोळ्यांसमोरच्या दाराला ती बदलता आली नाही.

यश मात्र त्यांच्या पदरी भरपूर पडले. १६०० साली त्यांना तहहयात अध्यापकपद मिळाले. गॅलिलिओ तेव्हा पादुआतच गणित शिकवीत होते. त्यांच्यावरही फॅब्रिशियस यांनी उपचार केले. १६०७ साली व्हेनिसचे विद्वान धर्मज्ञ पाओलो सार्पी यांच्यावर मारेकऱ्यांनी खंजिराचे वार केले, तेव्हा त्यांच्या उपचारासाठी फॅब्रिशियस यांना पाचारण करण्यात आले. सार्पी वाचले आणि प्रजासत्ताकाने शल्यविशारदाला सरदारकीचा सन्मान दिला. अनेक रुग्णांकडून ते पैसे घेत नसत. कृतज्ञतेने आलेल्या भेटवस्तूंची त्यांच्या घरी एक स्वतंत्र खोलीच भरली होती.

उत्तरायुष्यात एका शिष्याशी आलेले वितुष्ट त्यांना फार झोंबले. जुलिओ कासेरिओ हा गरीब घरातला मुलगा त्यांच्याकडे नोकर म्हणून राहिला, त्यांच्याच हाताखाली शिकला आणि उत्तम शरीररचनाकार झाला. विद्यार्थी त्याच्या खासगी वर्गांकडे धाव घेऊ लागले, तसे गुरूचे मन कडवट झाले. १६०९ साली विद्यापीठाने दोन्ही विषयांची फारकत केली आणि शल्यक्रियेचे अध्यापन कासेरिओ यांच्याकडे गेले. पण १६१६ साली, वयाने कितीतरी लहान असलेले कासेरिओच आधी वारले. जिभेला आणि रक्ताला लगाम शोधणाऱ्या फॅब्रिशियस यांना स्वतःच्या मत्सराला लगाम घालता आला नाही, असे त्यांच्या आयुष्याविषयी म्हणावे लागते.

१६१३ साली ते निवृत्त झाले, तरी काम थांबले नाही. प्राण्यांच्या चालण्या-उडण्यावरचा त्यांचा ग्रंथ १६१८ साली निघाला. कोंबडीच्या अंड्यात पिल्लू कसे घडते यावर त्यांनी दिवसागणिक निरीक्षणे केली. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १६२१ साली, प्रसिद्ध झाला. त्यात कोंबडीच्या आतड्याच्या शेवटी असलेल्या एका लहान पिशवीचे वर्णन आहे. कोंबड्याचे वीर्य साठवण्याची ती जागा असावी, असे त्यांना वाटले. येथेही वस्तू अचूक पाहिली गेली आणि कार्य चुकले. साडेतीनशे वर्षांच्या सुमाराने, १९५६ साली, अमेरिकेतील संशोधकांना आढळले की ही पिशवी काढून टाकलेल्या कोंबड्यांच्या शरीरात रोगाविरुद्धची प्रतिपिंडे तयार होत नाहीत. माणसाच्या रक्तातील ज्या पेशींना आज आपण बी-पेशी म्हणतो, त्यांच्या नावातील ते इंग्रजी अक्षर याच पिशवीच्या लॅटिन नावावरून आले आहे. लसीकरणाच्या काळात घराघरांत पोहोचलेल्या या शब्दामागे पादुआतील एका वृद्ध अध्यापकाची नोंद आहे.

२१ मे १६१९ रोजी फॅब्रिशियस यांचे पादुआ येथे निधन झाले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १६२८ साली, हार्वे यांचा हृदय व रक्त यांच्या गतीवरचा ग्रंथ बाहेर पडला. हृदय अर्ध्या तासात इतके रक्त बाहेर टाकते, की ते शरीरात सतत नव्याने तयार होणे शक्यच नाही. तेच रक्त रोहिणीतून जाऊन शिरांतून परत आले पाहिजे, असा हिशेब त्यांनी मांडला. पुराव्यासाठी त्यांनी आपल्या गुरूचेच चित्र घेतले. पट्टी बांधलेल्या हाताची फुगलेली शिर एका बोटाने खाली दाबून धरा, दुसऱ्या बोटाने तीतील रक्त वरच्या झडपेपलीकडे पुसून न्या. मधला भाग रिकामा राहतो. वरून रक्त खाली येत नाही. खालचे बोट उचलताच तो भाग खालून भरतो. म्हणजे दार एकाच बाजूला उघडते, आणि ती बाजू हृदयाची. म्हातारपणी हार्वे यांनी शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉईल यांना सांगितले, की रक्ताभिसरणाचा विचार आपल्याला प्रथम सुचला तो शिरांतील या झडपांच्या मांडणीमुळेच. आपल्या ग्रंथात त्यांनी गुरूचा उल्लेख आदराने केला आणि गुरूला झडपांचे खरे कार्य कळले नव्हते हेही स्पष्ट लिहिले.

पादुआचे ते लाकडी प्रेक्षागृह १८७२ पर्यंत वापरात होते. त्याआधी तीस वर्षे, १८४२ साली, पणजीत वैद्यकशाळा सुरू झाली आणि वेसालियसपासून फॅब्रिशियस व हार्वेपर्यंत चालत आलेली शरीररचनेची विद्या गोव्याच्या मुलांना आपल्याच गावी शिकता येऊ लागली. आज पायांच्या फुगलेल्या, वळसे घेतलेल्या शिरा घेऊन रुग्ण डॉक्टरांकडे जातो, तेव्हा तपासणीत पहिला प्रश्न असतो तो त्या शिरांतील झडपा नीट मिटतात की नाही हा. तासन्‌तास उभे राहून काम करणाऱ्या शिक्षकाला, पोलिसाला किंवा दुकानदाराला हा विकार सहज गाठतो. झडप सैल पडली की रक्त उलट खाली येते आणि पाय जड होतात. रक्त पायांत साचून ते सुजतील, ही फॅब्रिशियस यांची भीती त्या अर्थाने निराधार नव्हती.

जिभेखालच्या घडीचा प्रश्नही अजून मिटलेला नाही. नवजात बालक अंगावर नीट पीत नाही, आईला वेदना होतात, आणि कोणी तरी सांगते की जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या. काही बालकांना या छोट्या शस्त्रक्रियेचा खरोखर लाभ होतो, आणि निष्णात हातांत ती काही क्षणांत आटोपते. पण घडी दिसते एवढ्यावरून निर्णय होत नसतो. जीभ किती उचलते, बाळ तोंड कसे लावते, त्याचे वजन वाढते की नाही, हे पाहावे लागते; अनेकदा बाळाला अंगावर घेण्याची पद्धत बदलली तरी अडचण सुटते. सुइणीच्या नखाविरुद्ध फॅब्रिशियस यांनी जे सांगितले, ते चारशे वर्षांनंतर बालरोगतज्ज्ञ आईवडिलांना वेगळ्या शब्दांत सांगत असतात. शिरांच्या बाबतीत त्यांना जो प्रश्न पुरता विचारता आला नाही, तो जिभेच्या बाबतीत त्यांनी नेमका विचारला होता : ही घडी येथे काय करते आहे?